माणूस परका, ताट मात्र लोकल

मुंबईत ‘इंटरनॅशनल’ हा शब्द देशाचं नाव सांगत नाही, बिलाचा आकडा सांगतो. पटत नसेल तर कुठल्याही दैनिकाची रविवारची पुरवणी उघडा किंवा मोबाइलवर ‘मुंबईतली उत्तम आंतरराष्ट्रीय रेस्टॉरंट्स’ असं शोधून बघा. ज्या याद्या मी वाचत आले, त्यांत इटली असतो, जपान असतो, फ्रान्स आणि मेक्सिको असतात, हल्ली कोरियाही आला आहे. इराण नसतो. येमेन नसतो. अफगाणिस्तान नसतो. लेबनॉनला प्रवेश मिळतो, पण ‘मेडिटरेनियन’ असं नाव बदलून. अरब म्हटलं की गिऱ्हाईक बिचकेल, समुद्राचं नाव घेतलं की टेबल बुक होतं. इराण आणि येमेन बहुधा संयुक्त राष्ट्रसंघातून बाहेर पडले असावेत आणि आमच्या तालुक्याच्या गावी ती बातमी पोहोचली नसावी.

मी मराठवाड्यात राहते, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. प्रशिक्षण, लग्नकार्य, नातलगांचं दवाखान्याचं काम, काही ना काही कारणाने वर्षातून दोन-तीनदा मुंबईला जाणं होतं. ओळखीच्या शिक्षकांपैकी कुणी मुंबईला निघालं की मला हमखास विचारतं, “मॅडम, बिर्याणी कुठे चांगली मिळते हो?” त्यांनाच मुलांना ‘काहीतरी इंटरनॅशनल’ खाऊ घालायचं असतं तेव्हा मात्र ते मला विचारत नाहीत, भाच्याला विचारतात. भाचा आयटीत असतो. तो मॉलमधल्या एखाद्या काचेच्या दाराचं नाव सांगतो. तिथे एकाच मेनूकार्डावर पास्ता, नूडल्स, टाको, हुमुस आणि पनीर टिक्का पिझ्झा असा पाच देशांचा कारभार चालतो, आणि स्वयंपाकघरात तिखट-मिठाची बरणी एकच असते.

यात रागावण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. कुणी कुठे जेवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. अगदी मान्य. माझा वाद जेवणाऱ्यांशी नाही, मोजमापाशी आहे. मोठ्या शहरात गेल्यावर चांगलं परदेशी जेवण शोधायचं असेल, तर आपण हातात घेतलेली पट्टीच वाकडी आहे. ती कुणी वाकवली, आणि त्यात आपलाही हात किती आहे, हे एकदा सरळ बोलून टाकू.

इराण कुठे गेला?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यज्द, केरमान या भागांतून माणसं मुंबईला आली. त्यांत जरथुश्त्री बहुसंख्य होते, काही मुसलमानही होते. त्यांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकानं काढली. कुलाब्याचं लिओपोल्ड १८७१चं, धोबी तलावचं कयानी १९०४चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३चं. डोंगरीतली निळ्या फरशांची इराणी मशीद, जिला मुंबईकर मुघल मशीद म्हणतात, ती १८६०ची. म्हणजे मुंबईत पहिला पिझ्झा भाजला जाण्याच्या कितीतरी आधी या शहरात इराण राहत होता, नमाज पढत होता, पावाला मस्का लावत होता.

ब्रिटानियाचा बेरी पुलाव म्हणजे इराणातल्या जेरेश्क पुलावाचा मुंबईकर चुलतभाऊ. जेरेश्क ही बारीक, लाल, आंबट फळं, वाळवून भातात घालतात. तिकडे त्यात केशर आणि कोंबडी असते, मसाला बेताचा. इकडे आल्यावर त्याने मुंबईची जीभ ओळखली आणि मसाला वाढवला. खाल्ल्यावर कळतं की भात, मांस आणि आंबट फळ यांचा हा मेळ ना हैदराबादचा, ना लखनौचा. तो दुसऱ्याच मुलखाचा आहे. तरी या हॉटेलाचं नाव कुठल्या यादीत सापडतं? ‘हेरिटेज’, ‘जुनी मुंबई’, ‘नॉस्टॅल्जिया’. मोडक्या खुर्चीचा, पिवळ्या भिंतीचा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो छापतात. जेरेश्क कुठून येतात हे छापत नाहीत. आजोबांना जसं कोपऱ्यात बसवून हार घालतात आणि घरच्या निर्णयात विचारत नाहीत, तसा हा मान आहे. कयानीच्या समोरचं बस्तानी बंद झालं, तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. त्यांतले किती जण बंद होण्याच्या आधीच्या वर्षी तिथे जेवायला गेले होते, हा प्रश्न मी नुसता विचारून ठेवते.

येमेन तर आमच्या घरी

गेल्या काही वर्षांत मुंबईच्या मुस्लिम वस्त्यांत मंदीची हॉटेलं निघाली. नावावर विनोद होतात, तेवढे करून घ्या, कारण मालक खूश आहेत. मंदी हा येमेनच्या हद्रामौत प्रांताचा पदार्थ. जमिनीत तंदूरसारखी भट्टी, त्यात वर मांस आणि खाली भात. मांसाचा रस ठिबकत भातात उतरतो, लाकडाचा धूर त्याला लागतो. मसाला कमी, धीर जास्त. मोठ्या परातीत येतो आणि चार-सहा जणांनी भोवती बसून हाताने खायचा असतो.

मराठवाड्यातल्या वाचकांना हद्रामौत दूरचं वाटायला नको. परभणी, नांदेड, औरंगाबादकडे ज्यांचं आडनाव चाऊस आहे, त्यांचे पूर्वज तिथूनच निजामाच्या फौजेत आले. हैदराबादेतला बारकस हा मोहल्ला म्हणजे मूळची ‘बॅरॅक्स’, याच अरब शिपायांची. गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत घोटलेला अरबांचा हरीस इथे आला आणि मसाले घेऊन हलीम झाला. हैदराबादी हलीमला २०१०मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. सरकारी कागदावर ओळख मिळवणारा हा पदार्थ अरबस्तानातून दख्खनला आला, हा सगळा प्रवास एका वाटीत बसतो. मुंबईतल्या दाऊदी बोहरा कुटुंबात आजही एका थाळाभोवती सगळे बसतात आणि जेवणाची सुरुवात चिमूटभर मिठाने होते. त्यांच्या धर्मगुरूंची गादी सोळाव्या शतकात येमेनमधून गुजरातेत आली. एका समुदायाने साडेचारशे वर्षं समुद्रापलीकडचं नातं सांभाळलं आणि त्याच्या जोडीला गुजराती जेवण आपलंसं केलं. याहून ‘इंटरनॅशनल’ काय असतं, ते मला कुणीतरी शिकवावं. मी बीएड केलं आहे, शिकायची सवय आहे.

“पण ते तर आता लोकल झालं”

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं असं की इराणी काय, मंदी काय, बिर्याणी काय, हे सगळं इथे रुजलं, आपलं झालं, मग त्याला परदेशी का म्हणायचं?

उत्तर मांचुरियनमध्ये आहे. चिकन मांचुरियन हा पदार्थ चीनमधून आला नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र करून तो तयार केला. जन्म चर्चगेटचा. तरीही कुठल्याही मेनूकार्डावर तो ‘चायनीज’च्या रकान्यात बसतो आणि आमच्या तालुक्याच्या गाडीवरसुद्धा ‘चायनीज’ म्हणूनच विकला जातो. म्हणजे मुंबईत जन्मलेला पदार्थ परदेशी ठरतो आणि इराणातून, येमेनमधून आलेला पदार्थ लोकल ठरतो. मग कसोटी रुजण्याची नाही, दुसरीच काहीतरी आहे.

भाषेच्या तासाला मी मुलांना एक खेळ देते. डब्यात काय आहे ते लिहा आणि शब्द कुठून आला ते शोधा. बटाटा पोर्तुगिजांकडून. पावही त्यांच्याकडूनच. चहाचं मूळ चीन. मसाला अरबीतून, खिमा तुर्कीतून, कोफ्ता फारसीतून. सणासुदीला घरोघरी येणारी जिलबीसुद्धा पश्चिम आशियातल्या जुलबियाची नातलग. मुलं चकित होतात. वडापावातून परदेशी काढून टाकायचं ठरवलं तर बटाटाही जातो, पावही जातो, मिरचीही जाते, हातात उरतं बेसन. हा खेळ मी गंमत म्हणून देते, पण त्यातून मुलांना एक गोष्ट समजते. बाहेरून येणं ही या देशातली नेहमीची घटना आहे, गुन्हा नाही.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त चीड येते. मी मराठी शिकवते. माझ्या वाडवडिलांच्या कबरी याच मातीत आहेत. तरी दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी कौतुकाने म्हणतं, “मॅडम, तुम्ही मराठी किती छान बोलता!” मनात वाईट काही नसतं, पण वाक्याच्या पोटात एक गृहीतक असतं की ही बाई बाहेरची आहे. निवडणुका आल्या की तेच गृहीतक ओरडून सांगितलं जातं : हे बाहेरून आलेले. बरं, बाहेरचे तर बाहेरचे. मग आमचं ताट तरी परदेशी माना! ते मात्र नाही. अपमान करायचा असतो तेव्हा आम्ही परदेशी, आणि मान द्यायची वेळ आली की आमचं जेवण ‘स्ट्रीट फूड’. दोन्हीकडून एकाच माणसाला वजा करणारं हे गणित आहे, आणि अशा उत्तराला मी वर्गात शून्य गुण देते.

स्वच्छता, सुरक्षितता आणि रमजानची जत्रा

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. तो मी उडवून लावणार नाही. मोहम्मद अली रोडच्या, नागपाड्याच्या काही हॉटेलांत टेबल पुसण्याचं फडकं बघून भूक मरते, हे खरं आहे. पण टोकियोच्या गल्लीतली सहा खुर्च्यांची, धुराने काळवंडलेली खानावळ व्हिडिओत बघितली की आपण ‘ऑथेंटिक’ म्हणतो, आणि बोहरी मोहल्ल्यातली सहा बाकड्यांची खानावळ बघितली की नाक मुरडतो. धूर दोन्हीकडे सारखाच काळा असतो. स्वच्छता तपासायचीच असेल तर सगळीकडे तपासा. काचेच्या दाराआड स्वयंपाकघर दिसत नाही, एवढ्यावरून ते स्वच्छ ठरत नाही.

तिसरा प्रश्न हलक्या आवाजात येतो, “तिकडे जायला सेफ आहे ना?” या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही, फक्त विचारते, “रमजानमध्ये गेला होतात ना?” बहुतेक जण गेलेले असतात. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत अख्खी मुंबई लोटते, फूड वॉक निघतात, मालपुव्याबरोबर सेल्फी निघतात. वर्षातला एक महिना ती गल्ली उत्सव असते, उरलेले अकरा महिने ‘तिकडे’ असते. जत्रेला जाणं आणि शेजाऱ्याकडे जेवायला जाणं यात फरक आहे. शहराला दुसरं जमायला हवं.

आता थोडं आपल्या लोकांशी

इथवर वाचून ज्या मुस्लिम वाचकांनी मान डोलावली, त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

आपण मुंबईला जातो तेव्हा काय करतो? दवाखान्यात किंवा लग्नात आलेलो असतो, भेंडी बाजारात उतरतो, बिर्याणी खातो, वर फालुदा पितो, परत येतो. खिशात चार पैसे जास्त असले आणि पोरांचा हट्ट असला, तर बर्गरच्या साखळी दुकानात जातो आणि त्याला ‘फॉरेन’ म्हणतो. म्हणजे वाकडी पट्टी आपल्याही हातात आहे. घरात आजी जो खौसा करते, तो बर्मी पदार्थ आहे हे मुंबईतल्या कित्येक मेमन घरांतल्या मुलांनाही ठाऊक नसतं. मेमन, सुरती व्यापारी रंगूनला गेले, तिथे दुकानं थाटली, मशिदी बांधल्या. १९४२मध्ये जपानी फौजा बर्मात घुसल्या तेव्हा लाखो हिंदी माणसं परत फिरली, कितीतरी पायी. शेवया आणि नारळाच्या दुधाचा खाउ स्वे त्यांच्यासोबत आला आणि खौसा झाला. ही आपल्या घरातली जागतिक इतिहासाची वाटी आहे, आणि आपण ती ‘घरचं साधं’ म्हणून बाजूला सारतो. आपणच किंमत करत नाही, मग पुरवणीचा संपादक कशाला करेल?

दुसरी गोष्ट हलालची. आपल्यातल्या पुष्कळांना दारावरची हलालची पाटी दिसली की सगळे प्रश्न संपतात. तेल किती वेळा तापवलं, मांस कधीचं, कामावरच्या पोराला पगार मिळतो का, बायकांना बसायला जागा आहे का, हे विचारायचं नाही. कुराणात ‘हलाल’सोबत ‘तय्यब’ हाही शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगलं, शुद्ध. आपण पहिला शब्द पाटीवर रंगवतो आणि दुसरा गाळून टाकतो.

बायकांचं तर बोलायलाच नको. आपल्या जुन्या हॉटेलांत एकटी बाई आत आली की वेटर वरच्या पोटमाळ्याकडे बोट दाखवतो, “फॅमिली उपर.” वर पंखा नसतो, वेटर दहा मिनिटं फिरकत नाही. खालच्या मोठ्या हॉलमध्ये पुरुष निवांत चहा ढोसत बसलेले असतात. मी पैसे तेवढेच देते, मग गरम हवा मलाच का? मॉलमधल्या रेस्टॉरंटकडे आपल्या मुली ओढल्या जातात, त्यामागे केवळ पास्ता नाही. तिथे त्यांना कुणी वर पाठवत नाही. हॉटेलवाल्यांनी हे ऐकून घ्यावं, नाहीतर पुढची पिढी बेरी पुलावही विसरेल आणि नल्ली निहारीही.

प्रश्न विचारण्याची लाज

उलट बाजूने, काचेच्या दारामागे गेल्यावर आपण प्रश्नच गिळतो. अंधेरीच्या एका मॉलमधल्या रेस्टॉरंटमध्ये मी वेटरला विचारलं, “चिकन हलाल आहे का?” त्याने आधी आजूबाजूला बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅनेजरला विचारून सांगतो.” मॅनेजर काही आला नाही. मी भाजीचं सूप पिऊन उठले. शेजारच्या टेबलावर त्याच वेळी एका कुटुंबाने विचारलं, “जैन मिळेल?” त्याच वेटरने खणखणीत आवाजात कांदा-लसूण-बटाट्याशिवाय काय काय मिळेल याची यादी म्हणून दाखवली.

जैन कुटुंबाच्या प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही, उलट कौतुक आहे. त्यांनी मुंबईला शिकवलं की जेवणाआधी प्रश्न विचारणं हा ग्राहकाचा हक्क आहे. इटलीच्या पिझ्झ्यातून कांदा-लसूण काढून देणारं हे शहर हलालच्या साध्या प्रश्नाला कुजबुजत उत्तर देतं, हा फरक मला टोचतो. आणि जे रेस्टॉरंट स्वतःला इंटरनॅशनल म्हणवतं त्याला तर तो शोभतच नाही. सिंगापूरमध्ये तिथल्या इस्लामी मजलिसचं हलाल प्रमाणपत्र दुकानात उघड लावलेलं असतं, ख्रिस्ती, बौद्ध, हिंदू सगळे त्याच दुकानात जेवतात, कुणाचा आवाज खाली जात नाही.

म्हणून विचारा, आणि माहिती करून घेऊन विचारा. जपानी पदार्थांत मिरिन आणि साके या तांदळाच्या दारू वापरल्या जातात. चिनी स्वयंपाकात शाओशिंग नावाची मद्यार्काची बाटली असते. इटालियन रिसोट्टोत पांढरी वाइन पडते, तिरामिसूत बहुधा मद्य असतं. डुकराचं मांस त्याच तव्यावर भाजलं जातं का, हेही विचारण्यात काही गैर नाही. चांगला स्वयंपाकी असा प्रश्न ऐकून चिडत नाही, खूश होतो, कारण समोरच्याला पदार्थ कळतो हे त्याला समजतं. जो चिडतो त्याचा पदार्थही बहुतेक बाटलीतून ओतलेला असतो.

मी काचेच्या दारांच्या विरोधात नाही, हेही सांगते. ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगनने १९७३मध्ये मुंबईला सिचुआनचा तिखटपणा दाखवला, ते मोठं काम होतं. फोर्टमध्ये २०१४ला निघालेलं बर्मा बर्मा हे बर्मी पदार्थांचं शाकाहारी रेस्टॉरंट. तिथे चहाच्या आंबवलेल्या पानांची कोशिंबीर मिळते, खाउ स्वे मिळतो. मांस नसल्याने आपला अर्धा प्रश्न दारातच सुटतो. स्वस्त नाही, पण ताट एका देशाशी प्रामाणिक आहे. खौसा खाणाऱ्या घरातल्या मुलांना एकदा तिथे न्यावं आणि सांगावं, आजीच्या पातेल्याचं माहेर हे.

सरळ पट्टी

तर मोठ्या शहरात चांगलं परदेशी जेवण शोधायचं कसं? मी वापरते ती पट्टी देते. वर्गात देते तशीच, मुद्द्यांनी.

पहिलं, त्या देशाची माणसं शहरात कुठे उतरतात ते बघा. बंदर, दूतावास, दवाखाने, विद्यापीठं, निर्वासितांच्या वस्त्या. मुंबईत उपचारासाठी आखाती देशांतून आणि आफ्रिकेतून माणसं येतात, पावसाळा बघायला अरब कुटुंबं कुलाब्यात उतरतात. त्यांना दोन दिवसांत घरच्या भाकरीची आठवण येते, आणि ती जिथे भागते तिथे आपणही जावं. दिल्लीत लाजपतनगरला अफगाणी नानच्या भट्ट्या याच कारणाने पेटल्या, मजनू का टिल्याला तिबेटी थुकपा याच कारणाने शिजतो, कोलकात्याच्या टिरेटा बाजारात सकाळी चिनी न्याहारी याच कारणाने मिळते. यादीपेक्षा हा नकाशा भरवशाचा.

दुसरं, मेनूकार्ड जेवढं लहान तेवढं बरं. पाच देश एका स्वयंपाकघरात नांदत नाहीत.

तिसरं, महागडा पदार्थ मागवण्याआधी त्या देशाचा रोजचा भात किंवा रोजची रोटी मागवा. नान कोरडा आणि भात चिकट असेल तर वरचं मांस कितीही सजवलेलं असो, उठा.

चौथं, आत कोण जेवतंय ते बघा. घरची भाषा बोलत, हाताने, न लाजता जेवणारी दोन-चार माणसं दिसली की बसा.

पाचवं, प्रश्न विचारा. मोठ्याने.

या पाच मुद्द्यांत खुर्चीच्या कापडाला गुण नाहीत, इंग्रजी बोलणाऱ्या वेटरला नाहीत, वस्तीच्या नावाला तर नाहीतच. अशी पट्टी लावली की यादी आपोआप बदलते. बॅलार्ड इस्टेट वर येते, मंदीची परात वर येते, बोहऱ्यांचा थाळ वर येतो, आणि जपानी, इटालियन, चिनी चांगली रेस्टॉरंट्सही आपल्या गुणांवर टिकतात. कुणाला खाली ढकलावं लागत नाही.

पुरवणी काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : पुढच्या यादीत इराण आणि येमेन यांना त्यांच्या नावाने बसवा, ‘हेरिटेज’च्या नाही, ‘मेडिटरेनियन’च्या नाही. हॉटेलवाल्या भावांना सांगणं : फडकं धुवा, खालच्या हॉलमध्ये बायकांना बसू द्या, आणि पदार्थ कुठला आहे हे दोन ओळींत मराठीत भिंतीवर लिहा. गिऱ्हाईक वाचेल. आणि तुम्हाला, वाचकहो, हिंदू असा की मुसलमान, सांगणं असं की पुढच्या वेळी मुंबईला गेलात आणि मुलांनी ‘इंटरनॅशनल’ची फर्माईश केली, तर त्यांना एकदा परातीभोवती मांडी घालून बसवा. रमजान नसताना जा. जेवण आवडलं नाही तर तसं स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही. न चाखता मात्र त्याला यादीबाहेर ठेवू नका.